विद्यापीठांतील वैद्यकीय शोधांचा परवाना घेताना नेमके काय पाहावे?

प्रश्न : सातपूरकर

नमस्कार. रुग्णशुश्रूषेला लागणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या बनवण्याचा आमचा नाशिकला लहान कारखाना आहे. एक्स्ट्रूजन, मोल्डिंग आणि क्लीन रूम या सोयी आमच्याकडे आहेत. संशोधन विभाग मात्र नाही आणि तो उभा करण्याची ऐपतही नाही. म्हणून विद्यापीठे ‘परवान्यासाठी उपलब्ध’ अशी नोंद करून आपल्या शोधांच्या ज्या याद्या जाहीर करतात, त्या मी अलीकडे नियमित वाचतो. एका अमेरिकी विद्यापीठाच्या यादीत मूत्रमार्गात घालायच्या कॅथेटरवर देण्याचा एक जंतुरोधक लेप मला आढळला. माहिती एका पानाची आहे. लेप कशाचा आहे, प्रयोगशाळेत त्याने जंतूंची वाढ किती रोखली, पेटंटचा अर्ज झाला आहे आणि संपर्क कोणाशी साधावा, यापलीकडे तिच्यात काही नाही.

असा परवाना घेतल्यावर हाती नेमके काय पडते? माल फक्त भारतात विकायचा असेल, तर परवाना लागतो का? आणि मागायचाच झाला, तर तो एकट्यासाठी मागावा की इतर कंपन्यांनाही मिळाला तरी चालेल, असे सांगावे? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : पेटंट एजंट, ठाणे

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे त्यावरच अवलंबून आहेत. पेटंट ज्या देशाने दिले, त्या देशापुरतेच ते चालते. विद्यापीठाने पीसीटी मार्गाने, म्हणजे अनेक देशांसाठी एकच आंतरराष्ट्रीय अर्ज करण्याच्या सोयीने, अर्ज केला असेल, तर पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३१ महिन्यांच्या आत त्याला भारतीय पेटंट कार्यालयात यावे लागते. ती मुदत उलटली असेल आणि भारतात अर्जच नसेल, तर तो लेप येथे बनवून येथेच विकण्यास त्या पेटंटची आडकाठी नाही. प्रत्येक देशातील अर्जाचा खर्च वेगळा असल्यामुळे, परवाना घेणारा वेळेत सापडला नाही तर विद्यापीठे पुष्कळदा अमेरिकेपुरतेच थांबतात. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर हा शोध आपला आपण घेता येतो. मात्र अर्ज साधारणपणे अठरा महिने प्रसिद्ध होत नाहीत, म्हणून तेथे काही न दिसल्यास निर्धास्त होऊ नये. कोणत्या देशांत अर्ज केले आहेत, याची यादी विद्यापीठाकडूनच मागवून घ्यावी. शिवाय त्याच लेपाच्या एखाद्या घटकावर तिसऱ्याच कोणाचे भारतीय पेटंट असू शकते आणि विद्यापीठाचा परवाना त्यापासून आपले संरक्षण करत नाही.

मग भारतात पेटंट नसतानाही परवाना कशासाठी घ्यायचा? एक तर पुढे अमेरिकेत माल पाठवायचा झाल्यास तो लागणारच. दुसरे आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचे कारण असे की, पेटंटच्या कागदात बीकरमधली कृती असते, कारखान्यातली नसते. लेप किती जाडीचा, किती तापमानाला वाळवायचा, नळी वाकवल्यावर तो का सुटतो, हे सारे त्या प्रयोगशाळेतल्या माणसांच्या डोक्यात आणि वह्यांत असते. ही माहिती आणि संशोधकाचे ठरावीक तासांचे साहाय्य करारात स्वतंत्र कलम घालून मागावे. नाही तर आपण केवळ पेटंटच्या एका क्रमांकाचे पैसे भरतो.

करार वाचताना मालकी तपासावी. २०११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनफर्ड विद्यापीठ विरुद्ध रोश (औषध कंपनी) या खटल्यात निकाल दिला की, सरकारी पैशातून संशोधन झाले एवढ्याने शोधाची मालकी आपोआप विद्यापीठाकडे जात नाही. रक्तातील एचआयव्ही मोजण्याच्या पद्धतीवरून तो वाद झाला होता. संशोधकाने स्टॅनफर्डला हक्क ‘पुढे देईन’ असे लिहून दिले होते आणि जेथे तो काम शिकायला गेला, त्या सीटस कंपनीला ‘याद्वारे देत आहे’ असे लिहून दिले होते. सीटसचा तो व्यवसाय पुढे रोशने घेतला आणि स्टॅनफर्डला आपल्याच संशोधकाच्या शोधावर रोशविरुद्ध दावा चालवता आला नाही. म्हणून सर्व संशोधकांची हस्तांतरणपत्रे पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत.

भारतीय पेटंटचा परवाना असेल, तर आपल्या कायद्याचे कलम १४० लक्षात ठेवावे. आपण केलेल्या सुधारणा फक्त मूळ मालकालाच परत द्याव्यात, किंवा पेटंटच्या वैधतेला कधी आव्हान देऊ नये, अशा अटी त्या कलमानुसार निरर्थक ठरतात. तरीही त्या छापील मसुद्यांत येतात, कारण मसुदे दुसऱ्या देशात तयार झालेले असतात.

उत्तर : परवाना विभागात काम केलेली

मी काही वर्षे अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या तंत्रज्ञान परवाना विभागात काम केले आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडची बाजू सांगते. संशोधक आम्हाला शोधाची माहिती देतो, आम्ही घाईने एक तात्पुरता पेटंट अर्ज करतो आणि तेथून पूर्ण अर्ज करण्यासाठी बारा महिन्यांचे घड्याळ सुरू होते. पूर्ण अर्जावर मोठा खर्च करण्यापूर्वी कोणी घेणारा मिळतो का, हे चाचपण्यासाठी ते एक पान संकेतस्थळावर लागते. त्यामुळे ‘उपलब्ध’ या शब्दाचा अर्थ ‘तयार’ असा अजिबात नाही. अजून कोणी घेतलेला नाही, एवढेच त्यातून कळते. पान किती जुने आहे, हे अवश्य विचारा. चार वर्षे तेथेच असलेल्या शोधाकडे पाठ फिरवून गेलेल्या कंपन्यांनी काय कारण दिले, हे विचारण्याचाही संकोच करू नका.

एकट्यासाठी की सर्वांसाठी, याचे उत्तर शोधाच्या जातीवर ठरते. कोहेन आणि बॉयर या शास्त्रज्ञांच्या डीएनए जोडण्याच्या पद्धतीचे पहिले पेटंट डिसेंबर १९८० मध्ये मिळाले. ती पद्धत साऱ्या उद्योगाला लागणारे साधन होती, म्हणून स्टॅनफर्डने ती कोणा एकाला न देता मागेल त्याला दिली. सुरुवातीची वार्षिक फी दहा हजार डॉलर होती. १९९७ साली मुदत संपेपर्यंत ४६८ परवाने दिले गेले आणि सुमारे साडेपंचवीस कोटी डॉलर जमा झाले. याच्या अगदी उलट उदाहरण प्रिगॅबॅलिन या औषधाचे आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात रिचर्ड सिल्व्हरमन यांच्या प्रयोगशाळेत १९८९ साली तो रेणू तयार झाला, त्याचा परवाना एकाच कंपनीकडे गेला आणि अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळायला २००४ साल उजाडले. पंधरा वर्षे पैसा ओतणारी कंपनी एकाधिकाराशिवाय उभी राहत नाही. आपला लेप या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे. माझा सल्ला असा की, ‘मूत्रमार्गाचे कॅथेटर’ एवढ्याच वापरापुरता आणि भारत व शेजारील देशांपुरता एकाधिकार मागावा. विद्यापीठाला बाकीचे वापर आणि बाकीचे देश मोकळे राहतात, त्यामुळे हे मागणे मान्य होण्याची शक्यता चांगली असते आणि फीही बेताची राहते.

नाशिकच्या कारखान्याला लागू पडणारी आणखी एक बाब आहे. अमेरिकी सरकारच्या पैशातून झालेल्या शोधांना १९८० चा बे-डोल कायदा लागतो. अमेरिकेत विक्री करण्याचा एकाधिकार ज्याला दिला, त्याने तेथे विकायचा माल मुख्यत्वे अमेरिकेतच बनवावा, अशी अट त्यात आहे. सूट मिळू शकते, पण ती मागावी लागते. तेव्हा नाशिकला बनवून अमेरिकेत एकाधिकाराने विकू, असा हिशेब मनात असेल तर तो आताच तपासा. भारतातील विक्रीला ही अट लागत नाही.

सुरुवातीलाच पूर्ण परवाना घेऊ नका. थोडी फी भरून सहा महिने ते वर्षभराचा ऑप्शन करार करता येतो. त्या काळात विद्यापीठ तो हक्क दुसऱ्याला देत नाही आणि आपल्याला तपासायला अवधी मिळतो.

उत्तर : मूत्रविकार शल्यचिकित्सक, सांगली

कायद्याचे बोलणे झाले. रुग्णाच्या बाजूचा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही. प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत जंतू मरणे आणि वॉर्डातील रुग्णाला संसर्ग न होणे, यांत फार मोठे अंतर असते. ब्रिटनमध्ये सात हजारांहून अधिक रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. चांदीचा मिश्रधातू लावलेले कॅथेटर, नायट्रोफ्युराल हे जंतुनाशक भरलेले कॅथेटर आणि साधे कॅथेटर यांची अल्पकाळच्या वापरात त्यात तुलना केली होती. चांदीच्या लेपाचा फायदा दिसला नाही. दुसऱ्या कॅथेटरने झालेली घट इतकी थोडी होती की, संशोधकांनी ती उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाची मानली नाही. संसर्ग टाळण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे कॅथेटर गरजेपुरताच घालणे आणि वेळेवर काढणे, आणि त्यावर कोणाचेही पेटंट नाही. आपला लेप महिनोन्महिने कॅथेटर ठेवावे लागणाऱ्या रुग्णांसाठी असेल, तर गोष्ट वेगळी. तेथे क्षार साचून नळी बंद होणे ही खरी अडचण आहे. विद्यापीठाच्या माहितीत कृत्रिम मूत्रात किती दिवस चाचणी केली, हे पाहावे. तो आकडा नसेल, तर मी पुढे वाचणार नाही.

उत्तर : निवृत्त अभियंता

सांगलीच्या डॉक्टरांशी मी पूर्ण सहमत आहे. परवाना विभागातील ताईंशी मात्र एका बाबतीत मतभेद आहे. प्रयोगशाळेच्या पातळीवरचा शोध ऑप्शन घेऊन पुढे नेणे मोठ्या कंपनीला परवडते. संशोधन विभाग नसलेल्या कारखान्याने जेथे संस्थेनेच बराच पल्ला गाठला आहे, असा शोध घ्यावा. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा या वैद्यकीय संशोधन संस्थेची हृदयाची कृत्रिम झडप पाहा. पहिली तीन मॉडेल संस्थेतच बाद झाली आणि चौथे १९९० च्या डिसेंबरमध्ये प्रथम रुग्णाला बसवले गेले. ते अपयश पचवण्याचा खर्च संस्थेने उचलला. टीटीके कंपनीच्या वाट्याला उत्पादन आणि विक्री आली. याच संस्थेचे रक्तपिशव्यांचे तंत्रज्ञान पेनिन्सुला पॉलिमर्स या त्या वेळी अगदी नवख्या असलेल्या कंपनीने घेतले आणि पुढे तीच टेरुमो पेनपोल झाली. प्लॅस्टिकवर काम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे दुसरे उदाहरण जवळून अभ्यासण्यासारखे आहे.

जवळपासही पाहावे. मुंबईच्या आयआयटीत वैद्यकीय उपकरणांसाठी बेटिक हे केंद्र २०१४ पासून चालते आणि पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात नवउद्योगांना साहाय्य करणारे व्हेंचर सेंटर आहे. संशोधकाला कारखान्यात बोलावून यंत्रासमोर उभे करता येणे, ही सोय अमेरिकी करारातील कोणत्याही कलमाने मिळत नाही.

परवान्याच्या फीइतकाच नियमनाचा खर्चही मोजावा. साध्या कॅथेटरसाठी आपल्याला राज्याच्या एफडीएकडून (अन्न व औषध प्रशासनाकडून) उत्पादनाचा परवाना मिळत असेल. लेपात औषधी द्रव्य असेल, तर २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार ते उपकरण वरच्या वर्गात जाण्याची शक्यता असते आणि मग अर्ज दिल्लीला सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियामकाकडे करावा लागतो. चाचण्यांची अपेक्षा त्यानुसार वाढते.

सातपूरकर

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे ते पान पुन्हा वाचले. चाचणी ४८ तासांची आहे आणि ती साध्या पोषकद्रवात केली आहे. कृत्रिम मूत्राचा उल्लेखच नाही. आणखी एक गोष्ट खटकली. आमचा सगळा माल इथिलीन ऑक्साइडने निर्जंतुक होतो आणि लेप त्यातून टिकतो की नाही, हे कोठेही लिहिलेले नाही. विद्यापीठाला हे आताच विचारावे, की ऑप्शन करार झाल्यावर?

परवाना विभागात काम केलेली

पहिल्याच पत्रात विचारा. त्यासाठी गोपनीयतेचा करार करण्याची गरज नाही आणि आपल्या प्रक्रियेविषयी त्या पत्रात काहीही लिहू नका. ‘तपासलेले नाही’ असे उत्तर आले, तर लेप दिलेले थोडे नमुने मागवा आणि ते आपल्या नेहमीच्या ईटीओ (इथिलीन ऑक्साइड) फेरीतून काढा. बहुतेक विद्यापीठे नमुन्यांसाठी वेगळा छोटा करार करतात. त्या करारात एक वाक्य आपल्या बाजूने घालून घ्या की, या चाचणीतून मिळणारे आकडे आपल्या मालकीचे राहतील. पुढे रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला विद्यापीठाचा वाटा, ठरवताना आपल्या हातात तेवढेच असेल. नमुने देण्यास विद्यापीठाने टाळाटाळ केली, तर निवृत्त अभियंत्यांचे म्हणणे मान्य करून मीही आपल्याला आधी पुण्याला जाऊन या, असे सांगेन.