'प्रूफ' म्हणजे पुरावा की परीक्षा?

मागच्या आठवड्यात बाबांना घेऊन एका कचेरीत गेलो होतो, पत्ता बदलायचं साधं काम. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "आजोबा, प्रूफ आणलंय का?" तर बाबा एकदम शांतपणे म्हणाले, "कुठलं, गॅली का पेज?" ती बघतच राहिली. बाबांनी सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात जवळजवळ ३० वर्षं प्रूफं तपासली, त्यांच्यासाठी प्रूफ म्हणजे तेच, बाकी सगळं लाइट बिल.

पण येताना रिक्षात डोक्यात किडा वळवळायला लागला. आयडी प्रूफ, ॲड्रेस प्रूफ यातलं प्रूफ म्हणजे पुरावा, म्हणजे ज्यात चूक असून चालतच नाही. आणि छापखान्यातलं प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायला काढलेला कागद, काढतात ते चुका सापडाव्यात म्हणूनच. एका ठिकाणी 'हे बघा, हे खरंय' आणि दुसऱ्या ठिकाणी 'हे बघा, यात काय काय चुकलंय'. मग रेनकोटवरचं वॉटरप्रूफ तिसरंच, त्यात ना पुरावा ना चुका (चुका असतातच, पण त्या जंगली महाराज रोडवर भिजल्यावर कळतात). एकाच शब्दाचे हे तीन तोंडांना तीन अर्थ कसे झाले?

थोडं शोधलं ते असं. मूळ लॅटिन क्रियापद 'प्रोबारे', म्हणजे पारखणं, तपासून बघणं. ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत गेलं. म्हणजे परीक्षा घेणं हा अर्थ पायातच आहे आणि 'पुरावा' हा त्या परीक्षेचा निकाल. आपण मराठीत फक्त निकाल उचलला आणि परीक्षा विसरलो, म्हणून छापखान्यातलं प्रूफ आपल्याला उलटं वाटतं. खरं तर तेच मुळाला जास्त जवळ आहे. हिंजवडीत नवीन लागलेल्या कुठल्याही पोराला विचारा, 'प्रोबेशन'वर असणं म्हणजे काय ते, त्याच घरातला शब्द. ॲप्रूव्हलसुद्धा त्याच घरातलं, पण ते येत नाही लवकर.

तुम्हाला काय वाटतं? आणि अजून कुठे कुठे हा शब्द ऐकलाय?

०००

एकदम पटलं. मी ९ वीला भूमिती शिकवते, आमच्याकडे 'पक्ष, साध्य, सिद्धता' असं लिहायचं असतं, इंग्रजी माध्यमात त्या सिद्धतेलाच प्रूफ म्हणतात. मुलं विचारतात, बाई, आकृतीत दिसतंय की दोन्ही कोन समान आहेत, मग सिद्धता कशाला? आता त्यांना सांगीन, दिसतंय हा पुरावा झाला, परीक्षा अजून व्हायचीये.

०००

माझं क्षेत्र जरा वेगळं :) जुन्या व्हिस्की-रमच्या बाटल्यांवर '७५° प्रूफ, २५° यू.पी.' असं असायचं बघा. आमचा एक मित्र कित्येक वर्षं समजत होता की यू.पी. म्हणजे माल उत्तर प्रदेशातून आलाय. ते आहे 'अंडर प्रूफ'. ब्रिटिश हिशोबात १०० प्रूफ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के अल्कोहोल, त्याचे ७५ टक्के काढा, ४२.८ येतं, आणि आजही आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर ४२.८ टक्केच लिहिलेलं असतं. एवढा विचित्र आकडा कुठून आला हा प्रश्न पडला असेल तर तो असा आला. अमेरिकेत सोपं आहे, टक्क्यांच्या दुप्पट, १०० प्रूफ म्हणजे ५० टक्के.

आणि हेही परीक्षेचंच. सांगतात ते असं की पूर्वी बंदुकीच्या दारूवर पिण्याची दारू ओतायची आणि पेटवायची, पेट घेतला तर माल पास, पाणी जास्त असेल तर फुसका. मराठीत दोन्हीला दारूच म्हणतात त्यामुळे हे वाक्य लिहिताना मजा आली.

०००

काका, यू.पी. वाचून ऑफिसात एकटीच हसले.

बेकिंगवाल्यांकडूनही एक घ्या. यीस्ट कोमट पाण्यात साखर घालून ठेवतात, १० मिनिटांत फेस आला तर जिवंत, नाही आला तर फेकून द्या, याला यीस्ट प्रूफ करणं म्हणतात. ही तर सरळसरळ परीक्षाच आहे. मग मळलेली कणीक फुगायला ठेवायची त्यालाही प्रूफिंग म्हणायला लागले. आमच्या कोपऱ्यावरचा बेकरीवाला मात्र नुसतं "पाव फुगायला ठेवलाय" म्हणतो आणि त्याचा पाव माझ्यापेक्षा चांगला होतो.

०००

मूळ प्रश्न विचारणारा मीच. वॉटरप्रूफचं मला असं सापडलं: पूर्वी चिलखत बनवलं की त्याच्यावर वार करून किंवा गोळी झाडून बघायचे, टिकलं तर ते परीक्षेला उतरलेलं चिलखत. बंदुकांचंही तसंच, नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढायचे, नळी फुटली नाही तर तिच्यावर ठसा मारायचे. बर्मिंगहॅमला १८१३ सालापासून यासाठी 'प्रूफ हाउस'च आहे. तर 'अमक्याच्या परीक्षेला टिकणारं' यातून मग फायरप्रूफ, बुलेटप्रूफ, साउंडप्रूफ अशी सगळी शेपटं लागत गेली. आपल्याकडे 'जलरोधक' करतात ते अर्थाला बरोबर आहे पण परीक्षा त्यातून गळालीच.

मराठीत मला 'कस' हा सगळ्यात जवळचा वाटतो. सोनं कसोटीच्या दगडावर घासून बघायचं ते प्रूफ, आणि 'कसाला उतरलेलं' म्हणजे प्रूफ झालेलं. तरी छापखान्याचं प्रूफ त्यात नीट बसत नाही, त्याला दुसरंच हवं. आईला सहज विचारलं, ती म्हणाली यात काय एवढं, शितावरून भाताची परीक्षा. आणि खरंच की! हजार प्रती भरभरा छापायच्या आधी एक कागद काढून दाबून बघायचा, शिजलंय का कच्चंय. इंग्रजीत ते पुडिंगचं प्रूफ खाण्यात असतं म्हणतात, तिथेही प्रूफचा अर्थ परीक्षाच आहे, पुडिंगात पुरावा शोधायचा नाहीये. आपल्याला पुडिंगची गरजच नाही, भात आहे.

०००

वकील आहे म्हणून एक हरकत नोंदवते. तुम्ही सगळे 'पुरावा' आणि 'प्रूफ' एकच धरून चाललाय. कोर्टात तसं नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातही दोन्हीच्या व्याख्या वेगळ्या होत्या आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही वेगळ्या आहेत. तुम्ही कागद आणता, साक्षीदार आणता, तो पुरावा. तो तपासून, उलटतपासणी होऊन, न्यायाधीशाला पटलं तर ते 'शाबीत'. पटलं नाही तर दोन शक्यता, 'नाशाबीत' (म्हणजे तसं नाहीच असं ठरलं) किंवा नुसतंच 'शाबीत झालेलं नाही' (म्हणजे काहीच ठरलं नाही). म्हणजे पुरावा घेऊन येतात आणि शाबीत व्हायला परीक्षेतून जावं लागतं. तेव्हा आयडी प्रूफ म्हणून आपण देतो तो खरं तर पुरावाच, प्रूफ तो खिडकीतल्या मुलीने बघितल्यावर होणार. तुमचे बाबा बरोबर होते, प्रूफ तपासायचंच असतं.

०००

हे बाबांना वाचून दाखवलं, ते खूश. म्हणाले, वकीणबाईंना चहाला बोलवा.

०००

आता माझं दुखणं ऐका. बहिणीच्या लग्नाची पत्रिका अप्पा बळवंत चौकाजवळ एकाकडे छापायला दिली. व्हॉट्सॲपवर फोटो आला, खाली मेसेज 'प्रूफ चेक करा'. आता घरात लग्न म्हटल्यावर कोण काय चेक करतंय, आईने नावं बघितली, मामाने स्वतःचं नाव कितव्या ओळीत आहे ते बघितलं, बाबांनी मुहूर्त बघितला आणि अंगठा पाठवून दिला. ५०० पत्रिका घरी आल्या आणि त्यात शेवटी 'स्नेहभाजनाचा लाभ घ्यावा'. भाजन म्हणजे भांडं! आत्या म्हणाली, चला, प्रत्येकाला एक एक वाटी द्यायची का?

मी भांडायला गेलो तर तो माणूस म्हणतो, "साहेब, प्रूफ ओके केल्याचं प्रूफ आहे माझ्याकडे," आणि बाबांच्या अंगठ्याचा स्क्रीनशॉट काढून दाखवला. तेव्हा राग आला होता पण आज हे सगळं वाचताना लक्षात आलं की त्या एका वाक्यात दोन्ही अर्थ बसवले होते पठ्ठ्याने. पहिलं प्रूफ परीक्षा, दुसरं पुरावा. पत्रिका तशाच वाटल्या. कोणाच्या लक्षातही आलं नाही, एका काकांनी फक्त फोन केला, ते निवृत्त मराठीचे प्राध्यापक.

०००

स्नेहभाजन! म्हणजे प्रेमास पात्र असा माणूस असाही अर्थ होतो, त्यामुळे पाहुण्यांचा लाभ घ्यावा असं झालं ते. सगळ्यात खरी पत्रिका.

०००

पुण्यात प्रूफाचा विषय निघाला आणि कोणी 'ध चा मा' काढला नाही? १७७३, शनिवारवाडा, 'नारायणरावांना धरावे'चं 'मारावे' झालं अशी आख्यायिका आहे. प्रूफ न तपासल्याचा केवढा तो परिणाम.

०००

छे, ती प्रूफाची चूक कशी? ते तर करेक्शन होतं :)

०००

एक शंका. 'एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल' म्हणतात ना, अपवादाने नियम सिद्ध होतो, ते मला कायम वेडगळ वाटायचं, अपवाद सापडला तर नियम मोडायला पाहिजे. वरच्या हिशोबाने तिथे प्रूव्ह म्हणजे परीक्षा घेणं असणार ना? अपवाद नियमाची परीक्षा घेतो, असं?

०००

असं बरेच जण सांगतात आणि मीही वर्गात सांगायचे, पण ते बरोबर नाही. ते वाक्य कायद्याच्या जुन्या लॅटिन वचनातून आलंय, त्याचा अर्थ असा की अपवाद मुद्दाम सांगितला असेल तर जे सांगितलं नाही तिथे नियम आहे असं समजायचं. पुणेकरांना उदाहरण द्यायची गरज नाही. दुकानावर पाटी आहे 'दुपारी १ ते ४ बंद'. यावरून काय सिद्ध होतं? की बाकी वेळ दुकान उघडं असतं. तेवढंच.

०००

बाई, बाकी वेळ उघडं असतं हे सिद्ध होत नाही, ते जाऊन बघावं लागतं.

०००

मी परत. बाबांना आज सकाळी सगळं नीट बसून विचारलं कारण प्रूफ तपासण्याला म्हणतात तो 'मुद्रितशोधन' हा शब्द मला नेहमी सरकारी वाटायचा. ते म्हणाले शोधन म्हणजे शोधणं नव्हे, शुद्ध करणं, जसं रसायनशाळेत करतात तसं. प्रूफाला जुन्या लोकांत 'मुद्रितं' म्हणायचे, मुद्रितं आली, मुद्रितं गेली. पण कामगारांत प्रूफच, आणि ते अनेकवचनी, "प्रूफं पडलीत टेबलावर".

मग ते सांगत सुटले. गॅलीत, म्हणजे लांबट तबकात, खिळे (अक्षरांचे धातूचे ठसे) जुळवून झाले की सुतळीने बांधायचे, शाईचा रूळ फिरवायचा, वर किंचित ओलसर कागद ठेवून दाबायचा, की लांबच लांब पट्टी निघायची, ती गॅली प्रूफ. हात फिरवला तर मागच्या बाजूने अक्षरं बोटाला लागायची. चुका दुरुस्त झाल्या की पानं पाडायची आणि पेज प्रूफ, आणि मशीनवर चढल्यावर शेवटचं मशीन प्रूफ, तिथे चूक सापडली तर मशीनमन शिव्या द्यायचा. ध आणि घ, भ आणि म, थ आणि य, ही जोडपी सगळ्यात दगाबाज. बाबांच्या समोर एक पोरगा मूळ कागद मोठ्याने वाचायचा, तोही विरामचिन्हांसकट, "तो म्हणाला स्वल्पविराम अवतरण सुरू नाही पूर्णविराम अवतरण बंद", दिवसभर. आई सांगते लग्नानंतर पहिली दोन वर्षं बाबा झोपेत स्वल्पविराम म्हणायचे.

अर्थासाठी वाचलंत तर चूक दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. डोळा पुढचा शब्द आधीच ओळखून मोकळा होतो. म्हणून ते अवघड पान उलटीकडून वाचायचे, शेवटचा शब्द आधी.

०००

शेवटचा एक प्रश्न मग गप्प बसतो. प्रूफ दिलं की प्रूफ दिला? आमच्या सोसायटीच्या ऑफिसात 'प्रूफ दिला का' म्हणतात. छापखान्यात तर प्रूफ आलं.

०००

मला वाटतं पुरावा पुल्लिंगी म्हणून त्या अर्थाच्या प्रूफालाही लोक पुल्लिंगी करतात, 'दिला'. छपाईचं मात्र नपुंसकलिंगीच ऐकलंय. म्हणजे आपण नकळत दोन शब्द केलेच आहेत, लिंगावरून वेगळे.

बाबांना विचारायचं म्हणून ही सगळी चर्चाच छापून त्यांच्या हातात दिली. अर्ध्या तासाने कागद परत आला, समासात लाल पेनाच्या ११ खुणा, त्यातल्या ७ माझ्या. 'प्रूफ दिला' खोडून 'दिलं' केलं होतं आणि मग खोडलेल्या शब्दाखाली बारीक टिंबं दिली होती. छापखान्यात त्या टिंबांचा अर्थ 'राहू दे, होतं तसंच'.