जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड: गाड्या, तिकिटं, मुक्काम. तुमचे अनुभव लिहा

दरवर्षी फेब्रुवारी उजाडला की ओळखीपाळखीतून विचारणा सुरू होते, "तू जाऊन आलीस ना, तुझी आयटिनररी पाठव." पाठवतेही. पण माझी आयटिनररी माझ्या बाबांच्या गुडघ्यांच्या मापाने बेतलेली, ती दुसऱ्याच्या सहा वर्षांच्या मुलाला कशी चालणार? म्हणून हा धागा. जर्मन बोलणाऱ्या या देशांत स्वतः फिरला असाल तर लिहा. सुरुवातीला कुठून गेलात, किती जण, कोणता महिना एवढं टाका. प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या ढिगाने मिळतात. एका ठिकाणाहून दुसरीकडे कसे गेलात, काय चुकलं, काय जमलं, ते हवं आहे.

माझ्यापासून सुरुवात करते.

पुणे, चौघं (आम्ही दोघं, आई, बाबा), सप्टेंबर, 12 रात्री

पहिल्या आराखड्यात नऊ शहरं होती. मग नवऱ्याने वहीत गाव बदलायच्या एका दिवसाचा हिशेब मांडला. सकाळी बॅगा भरा, नाश्ता, चेक-आउट, स्टेशन, गाडी, नवं स्टेशन, हॉटेल शोधा, तीनपर्यंत खोली मिळायची वाट बघा, आणि तोवर बाबा दमलेले. नऊ गावं म्हणजे असे आठ अर्धे दिवस पाण्यात. वही मिटली आणि तीनच मुक्काम ठेवले: म्युनिक पाच रात्री, साल्झबुर्ग तीन, लुत्सर्न चार. बाकी सगळं तिथून जाऊन-येऊन. या सहलीतला आमचा सर्वांत चांगला निर्णय हाच, आणि कुणी विचारलं तर आधी हेच सांगते: तिकिटं नंतर, आधी मुक्काम पक्के करा.

म्युनिकहून बायर्न तिकीट वापरलं. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत, बायर्न राज्यातल्या सगळ्या प्रादेशिक गाड्यांत दिवसभर. सोमवार ते शुक्रवार मात्र सकाळी नऊनंतरच चालतं, आणि प्रवाशांची नावं तिकिटावर असावी लागतात. आयसीईसारख्या वेगवान गाड्यांत ते चालत नाही. याच तिकिटावर साल्झबुर्गपर्यंतही जाता येतं, म्हणजे मुक्काम हलवण्याचा खर्चही त्यातच निघाला.

नॉयश्वानश्टाइनला जायला फ्यूसनपर्यंत गाडीने दोन तास, पुढे बस. किल्ल्याच्या आतलं तिकीट ठरलेल्या वेळेचं असतं, ते आधी काढा. खालच्या गावातून वर चढायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि आपली वेळ टळली तर आत सोडत नाहीत. बाबांसाठी घोडागाडी घेतली, तरी शेवटची थोडी चढण पायी आहेच. दुसऱ्या लुडविग राजाने 1869 मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला त्याच्या हयातीत पुरा झालाच नाही. 1886 मध्ये तो गेला आणि काही आठवड्यांत किल्ला लोकांना पाहायला खुला झाला. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या ज्या अधिवेशनात आपले मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्याच अधिवेशनात लुडविगचे राजवाडेही गेले. ही बातमी वाचून बाबांनी मला फोन केला होता. राजगड त्यांनी तरुणपणी अनेकदा चढलेला.

साल्झबुर्ग ते लुत्सर्न हा एकच लांबचा दिवस. झ्युरिकपर्यंत थेट रेलजेट ही वेगवान गाडी मिळते, इन्सब्रुकवरून, आल्प्समधून. वाटेत लिश्टेनश्टाइन हा चिमुकला देश खिडकीतून निघून जातो, गाडी तिथे थांबतसुद्धा नाही. तो दिवस प्रवासाचा न मानता बघण्याचाच मानला. पुण्याहून नेलेले खाकरे संपले तेही त्याच गाडीत.

सप्टेंबरात जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: ऑक्टोबरफेस्ट हा म्युनिकचा मोठा बिअर-उत्सव सप्टेंबरच्या मध्यानंतर सुरू होतो. तेव्हा म्युनिकमधली हॉटेलं परवडत नाहीत.

ठाणे, आई-बाबा आणि दोन मुलं (9 आणि 13), मे

आम्ही फक्त स्वित्झर्लंड केलं, आठ दिवस. घरात सगळ्यात मोठा वाद पासचा झाला. स्विस ट्रॅव्हल पास घ्यायचा की अर्ध्या दराचं कार्ड? मी एका रविवारी बसून एसबीबीच्या (स्विस रेल्वेच्या) अ‍ॅपवर प्रत्येक दिवसाचं भाडं बघितलं आणि कागदावर उतरवलं. ज्यांचा एकाच गावात मुक्काम आहे आणि दोन-तीनच मोठ्या सफरी आहेत, त्यांना अर्ध्या दराचं कार्ड पुरतं. आम्ही रोज हिंडणार होतो, आणि पासवर गाड्या, बस, तळ्यातल्या बोटी, शहरातल्या ट्राम, वर पाचशेहून जास्त संग्रहालयं. शिवाय आई किंवा बाबांकडे पास असला की सोळा वर्षांखालच्या मुलांना फॅमिली कार्ड फुकट मिळतं. इथेच आमचा निकाल लागला.

एक चूक सांगते. पासमध्ये सलग दिवसांचा आणि फ्लेक्स (दिवस आपण निवडायचे) असे दोन प्रकार असतात. ज्या एजंटकडून घेतला त्याने न विचारता सलग दिला, आणि आमचे मधले दोन दिवस झ्युरिकला नातेवाइकांकडे होते. ते दोन दिवस फुकट गेले. घेताना स्वतः वाचा.

युंगफ्राउयोखचं (बर्फाळ शिखरांमधल्या उंच रेल्वे स्टेशनचं) तिकीट भारतातून काढू नका, असं माझं ठाम मत आहे. पासवर पायथ्याच्या गावापर्यंतच पूर्ण प्रवास आहे, तिथून पुढे फक्त सवलत, आणि उरलेली रक्कमही मोठी आहे. वर 3454 मीटरवर ढग असतील तर चारही बाजूंना पांढरी भिंत दिसते. सकाळी उठल्यावर आधी वरचा वेबकॅम बघायचा, निळं दिसलं तर निघायचं. आम्ही दोन दिवस थांबलो आणि तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन मिळालं.

पण मुलांना काय आवडलं विचाराल तर रिगीचा डोंगर. लुत्सर्नहून बोटीने फिट्सनाऊ, तिथून दातेरी रुळांवरची लाल गाडी. 1871 पासून चालते, युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे. हे सगळं पासमध्ये पूर्ण. धाकटा संपूर्ण चढण काचेला नाक लावून उभा होता, रुळांच्या मधला तो दातांचा पट्टा बघत.

श्टुटगार्ट, बारा वर्षं इथेच राहतो

वरचं दोन्ही लेखन छान आहे. मी फक्त जर्मनीतल्या गाड्यांबद्दल लिहितो. माझ्याकडे येणारे पाहुणे यात हमखास अडकतात आणि मला त्याचं वाईट वाटतं.

जर्मन गाड्या घड्याळावर चालतात हा समज घरीच ठेवून या. स्वित्झर्लंडमध्ये तो खरा ठरतो, इथे नाही. गाडी बदलायला सात मिनिटं दिसली तर ती जोडणी घेऊ नका. ज्येष्ठ नागरिक किंवा लहान मूल सोबत असेल तर पंचवीस-तीस मिनिटं ठेवा. म्युनिकसारख्या मोठ्या स्टेशनात काही फलाट बाजूच्या वेगळ्या भागात आहेत, बॅगा घेऊन तिथपर्यंत चालायलाच बराच वेळ जातो.

स्वस्त तिकीट म्हणजे श्पारप्राइस. त्याला त्सुगबिंडुंग असते, म्हणजे तुम्ही त्याच गाडीला बांधलेले. पण पोहोचायला वीस मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की ते बंधन सुटतं आणि दुसऱ्या गाडीने जाता येतं. हे माहीत नसल्यामुळे लोक नवी तिकिटं काढतात. एक तासाहून जास्त उशीर झाला तर भाड्याचे 25 टक्के, दोन तासांवर 50 टक्के परत मागता येतात. यासाठी सबंध प्रवास एकाच तिकिटावर असलेला बरा. पैसे वाचवायला दोन तुकड्यांत दोन तिकिटं काढलीत आणि पहिल्या गाडीने दुसरी चुकवली, तर ते तुमच्या अंगावर येतं.

आणि श्पारप्राइस तिकिटात जागा धरलेली नसते. आरक्षण वेगळं. ते असेल तर फलाटावर ए, बी, सी असे विभाग असतात, आपला डबा कुठे येणार ते फलकावर दिसतं. तिथेच उभे राहा, गाडी आल्यावर पळापळ नको.

स्टेशनात छापील वेळापत्रकं दोन रंगांची असतात. पिवळं सुटणाऱ्या गाड्यांचं, पांढरं येणाऱ्यांचं. माझे काका पांढऱ्यासमोर अर्धा तास उभे होते.

उन्हाळ्यात रुळांची कामं निघतात. मग "एसईव्ही" लिहिलेली बस गाडीच्या बदल्यात सुटते. 2024 मध्ये फ्रांकफुर्ट-मानहाइम हा इतका रहदारीचा मार्ग जुलैपासून डिसेंबरपर्यंत बंद होता. म्हणून आठवडाभर आधी डीबी नॅव्हिगेटर या जर्मन रेल्वेच्या अ‍ॅपवर आपली गाडी पुन्हा तपासा.

डॉइशलांड तिकीट 2023 मध्ये 49 युरोला निघालं, आता 63 ला आहे. महिनाभर देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, बस, ट्राम. पण ते वर्गणीसारखं आहे, महिन्याच्या दहा तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात.

डोंबिवली, दोघं, ऑक्टोबर

श्टुटगार्टच्या दादांनी एक गोष्ट लिहायची राहिली, ती मी लिहिते. इथे गाडी वाटेत तुटते!

म्युनिकहून गार्मिशला निघालो. फलाट बरोबर, वेळ बरोबर, गाडी बरोबर. टुत्सिंग नावाच्या स्टेशनात काहीतरी घोषणा झाली, काही लोक उठून पुढच्या डब्यांकडे पळाले. आम्ही चहाचा थर्मास उघडत होतो. अर्ध्या तासाने नकाशा बघितला तर आमचा निळा ठिपका भलतीकडेच चाललेला. पुढचे डबे गार्मिशला गेले होते, मागचे आम्हाला घेऊन कोखेलला. आमच्याकडे कल्याणला कर्जत आणि कसारा वेगळे होतात, पण निदान गाड्या तरी वेगळ्या असतात.

तर डब्यावरची पाटी वाचा, फक्त फलाटाची नको. कोखेलला तळं आहे. गार्मिशजवळचं झुगश्पिट्सं शिखर त्या दिवशी राहिलं, तळ्याकाठी बसून पोळीचा लाडू खाल्ला, आणि त्या सहलीतल्या त्याच दिवसाची आठवण आम्ही दोघं अजून काढतो.

नागपूर, निवृत्त शिक्षक, पत्नीसह, जून

आमची वाट वेगळी होती. बाबासाहेबांनी 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला, लंडनच्या शिक्षणकाळात, बॉन विद्यापीठात नाव नोंदवलं होतं. विद्यार्थ्यांना हे वर्षानुवर्षं सांगितलं, पण ती जागा पाहिली नव्हती. मुलगी क्योल्नला (कोलोनला) असते. तिथून प्रादेशिक गाडीने बॉन अर्ध्या तासाच्या आत. स्टेशनपासून विद्यापीठाची मुख्य इमारत चालत पाच-सात मिनिटांवर, जुना राजवाडाच आहे तो. समोर होफगार्टन नावाचं मोठं हिरवळीचं मैदान, त्यावर विद्यार्थी पुस्तकं घेऊन पसरलेले. आम्ही बाकावर बसलो. पत्नीने पिशवीतून बाबासाहेबांचा फोटो काढला, मांडीवर ठेवला. तासभर तिथेच होतो. कुणी प्रवासी कंपनी हे ठिकाण दाखवत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

दुसऱ्या दिवशी ऱ्हाइनच्या काठाने कोब्लेन्झ ते बिंगेन गाडीने गेलो. आयसीई घेऊ नका, नदीकाठची प्रादेशिक गाडी घ्या, आणि दक्षिणेकडे जाताना डावी खिडकी धरा. किल्ल्यामागून किल्ला येतो.

म्हापसा, तिघी मैत्रिणी, एप्रिल

ऑस्ट्रियातल्या हॉलस्टाट या तळ्याकाठच्या गावी रेल्वेने जाणाऱ्यांसाठी. स्टेशन तळ्याच्या एका काठाला, गाव दुसऱ्या काठाला. गाडीच्या वेळेला जोडून छोटी बोट सुटते. रायबंदरला फेरीबोटीत बसून चोडणला जायची सवय असलेल्या आम्हा तिघींना अगदी घरच्यासारखं वाटलं. मात्र शेवटची बोट संध्याकाळी लवकर असते, उतरल्या उतरल्या तिची वेळ बघून ठेवा. गावात आठशे माणसंही राहत नाहीत आणि रोज हजारो पाहुणे येतात. कुणाच्या अंगणात शिरून फोटो काढू नका, खिडक्यांखाली मोठ्याने बोलू नका.

कोल्हापूर, दोन कुटुंबं, आठ माणसं, ऑगस्ट

आम्ही जर्मनीतल्या श्वार्झवाल्डमध्ये (ब्लॅक फॉरेस्टमध्ये) मोठी गाडी भाड्याने घेतली. आठ जणांत स्वस्त पडली, हे खरं. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, वर्षभर चालतो. स्वित्झर्लंड किंवा ऑस्ट्रियात महामार्गावर शिरायचं तर विन्येट, म्हणजे टोलचं स्टिकर, लागतं. स्विस विन्येट 40 फ्रँकचं, वर्षाचंच मिळतं, एका दिवसासाठी जायचं असलं तरी तेच. जर्मनीतल्या बऱ्याच मोठ्या शहरांच्या मध्यात हिरवं पर्यावरण स्टिकर लागतं, ते काचेवर आहे का हे गाडी घेतानाच बघा. आणि गल्लीत, जिथे पाटी नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. हा नियम अंगात मुरायला दोन दिवस गेले.

कळलं उशिरा ते हे: तिथल्या बहुतेक गावांत रात्री राहणाऱ्याला कोनुस पाहुणेकार्ड मिळतं, त्यावर त्या भागातल्या बस आणि प्रादेशिक गाड्या फुकट. हॉटेलवाल्याने चावीबरोबर दिलं होतं, आम्ही ते जाहिरात समजून ड्रॉवरमध्ये टाकलं. पाच दिवस पार्किंगचे पैसे भरत बसलो.

पुणे, पुन्हा मीच

खाण्याबद्दल निरोपातून तिघांनी विचारलं. रविवारी जर्मनी-ऑस्ट्रियात दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनातली उघडी मिळतात. शनिवारीच दूध-ब्रेड-फळं आणून ठेवा. भाजणी, मेतकूट, चटण्या न्या, पण तूप, पेढे आणि दुधाचे पदार्थ नेऊ नका, बाहेरून आणायला मनाई आहे. झ्युरिकला हिल्टल नावाचं 1898 पासूनचं शाकाहारी रेस्तराँ आहे. आईने तिथे दोनदा ताट भरलं.

सातारा, मी, बहीण आणि आई (76, व्हीलचेअर), मे

आईला नेऊ की नको, यात आमची दोन वर्षं गेली. ज्यांच्या घरी हाच प्रश्न आहे त्यांच्यासाठी लिहितोय. जर्मनीत रेल्वेची मदत आदल्या दिवशीपर्यंत नोंदवता येते, पैसे लागत नाहीत. गाडी, डबा, आरक्षण, चाकांच्या खुर्चीचं वजन, सगळं विचारतात. बदलायची गाडी असेल तर तेही सांगायचं, पुढच्या स्टेशनातला माणूस तयार असतो.

न्यूर्नबर्गला गाडी थांबली तेव्हा दाराशी एक बाई हाताने फिरवायचा उचलकट्टा घेऊन उभ्या होत्या. आईची खुर्ची त्यावर घेतली, पुढची फळी लावली, आणि हँडल फिरवत हळूहळू खाली उतरवलं. आई मराठीतच म्हणाली, "सावकाश हो बाई, मला घाई नाही." त्यांनी हसून मान डोलावली आणि खरंच आणखी सावकाश फिरवलं.