'वेस्टलँड' म्हणजे पडीक जमीन? मग माळाला काय म्हणायचं?

अनुवादिनी
गवताळ भागांवरच्या एका इंग्रजी अहवालाचा मराठी अनुवाद करते आहे. त्यात 'वेस्टलँड' हा शब्द पानोपानी येतो. मी सरळ 'पडीक जमीन' लिहीत गेले. मजकूर तपासणारे गृहस्थ इंदापूरकडचे. त्यांनी प्रत्येक ठिकाणी तो शब्द खोडून समासात लिहिलंय, 'माळ पडीक नसतो.' कोशात पडीक आहे, सरकारी कागदांतही आहे. पण अहवालात पुढे त्याच जमिनीवरचे लांडगे, खोकड, काळवीट आणि तणमोर पक्षी यांची वर्णनं आहेत, आणि 'पडीक जमिनीवरचा तणमोर' मलाही आता खटकतो. काय वापरू? ओसाड, उजाड, नापीक?

माळकरी
ताई, तिन्ही नको. ओसाड म्हणायला आधी वस्ती लागते, गाव ओसाड पडतं. उजाड म्हणजे होतं ते गेलं. आणि पडीक म्हणजे पेरायचं रान पेरलं नाही ते. आमचे चुलते 'यंदा खालचा तुकडा पड टाकला' म्हणतात, तो पुढल्या साली पेरायचाच असतो. माळ कुणी पड टाकलेला नाही, तो मुळातच तसा आहे. आम्ही सोलापूरजवळच्या नान्नजच्या बाजूचे. तिथं १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. पाखराच्या नावातच माळ आहे, अजून काय पुरावा पाहिजे?

सातबारा
महसुलाच्या बाजूने सांगतो. जमीन वापराच्या सरकारी तक्त्यात 'चालू पड', 'इतर पड', 'मशागतयोग्य पडीक', 'नापीक व मशागतीस अयोग्य' आणि 'कायमची कुरणे व चराऊ' हे सगळे वेगवेगळे रकाने आहेत. म्हणजे सरकारी मराठीसुद्धा सगळं एकाच पडीकमध्ये कोंबत नाही. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीत न येणारा भाग, असतो, त्यातही वर्ग अ आणि वर्ग ब. गोंधळ इंग्रजीत आहे. कंपनी सरकारच्या लेखी ज्या जमिनीतून सारा येत नाही ती 'वेस्ट'. तोच शब्द पुढे १९८५ च्या राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळाच्या नावात आला. एकदा पडीक ठरली की तिचा 'विकास' करायचा, म्हणजे झाडं लावायची. माळांवर गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) झाडांच्या रांगा उभ्या दिसतात त्या अशाच. तणमोराला मोकळं गवत लागतं, झाडांच्या रांगा नव्हे. शब्द चुकला की जमिनीचं काय होतं ते इथं दिसतं.

संस्कृतप्रेमी
'माळ' हा शब्द फार जुना आहे. मेघदूतात यक्ष मेघाला सांगतो, 'सद्यःसीरोत्कषणसुरभि क्षेत्रमारुह्य मालम्'. मेघदूताचा टीकाकार मल्लिनाथ 'माल'चा अर्थ उंचावरची खडकाळ जागा असा देतो. तोच आपला माळ. अहवालात बिनधास्त 'माळ' वापरा, त्याला कालिदासाचा आधार आहे.

माळकरी
पण त्या ओळीत तर नांगरलेल्या जमिनीचा वास आहे! 'सीर' म्हणजे नांगर ना? मग कालिदासाचा माळ नांगरलेला होता. आमचा नाही.

संस्कृतप्रेमी
अर्थ काळाबरोबर सरकतो. जागा तीच, उंचावरची.

कानडीसीमा
संस्कृतच का? कानडीत 'मले' म्हणजे डोंगर, तमिळमध्ये 'मलै'. सोलापूर-विजापूरकडे माळ हा शब्द इतका रुळलाय की तो दक्षिणेकडून वर आला असावा असं मला नेहमी वाटतं.

मेंढपाळाचा_नातू
तुम्ही कालिदासावर गेलात, ठीक आहे. आमच्या घरात माळ हा हंगामाचा शब्द आहे. पावसाळ्यात मेंढरं माळावर, दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात. कोकणातला पाऊस मेंढराला सोसत नाही, म्हणून पावसाचे महिने माळच लागतो. आजोबा माळावरच्या गवतांना वेगवेगळ्या नावांनी ओळखायचे. मारवेल आलं की खूश. कुसळीच्या कुसळांनी मेंढराच्या तोंडाला आणि लोकरीला त्रास होतो, म्हणून ती कोवळी असतानाच चारून घ्यायची. हे ज्याला ठाऊक आहे तो माळाला पडीक म्हणणारच नाही. पडीक म्हणणारा रस्त्यावरून बघतो.

शुद्धलेखक
भावना समजली, पण अहवालाला पारिभाषिक शब्द लागतो. 'तृणभूमी' वापरावा. नेमका आहे, सामासिक आहे, विशेषणही होतं.

माळकरी
तृणभूमी कोण म्हणतं? गुराख्याला विचारून बघा.

शुद्धलेखक
गुराखी अहवाल वाचणार नाही. वनाधिकारी वाचेल.

मेंढपाळाचा_नातू
का नाही वाचणार? जमिनीचा निर्णय त्याच्या चराईवर होणार असेल तर अहवाल त्याला समजेल अशाच मराठीत हवा.

सड्यावरची
रत्नागिरीकडे सडा आहे, त्याचंही हेच. जांभ्याचा सपाट कातळ, आठ महिने काळा. मग पावसात तिथं इतकी रानफुलं येतात की पाय कुठे ठेवावा कळत नाही. तोही कागदोपत्री नापीकच. त्याच कातळावर कोरलेली चित्रं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. सड्याला माळ म्हणू नका बरं का! आणि 'माळरान' हा शब्दही मला पटत नाही. रान म्हणजे झाडी.

माळकरी
आमच्याकडे रान म्हणजे शेत. 'मालक रानात गेलेत' म्हणजे शेतावर गेलेत.

सड्यावरची
आमच्याकडे रानात गेले म्हणजे लाकडं आणायला किंवा डुकराच्या मागावर. शेत वेगळं, रान वेगळं.

वैद्यबुवा
रानावरून भांडण आहे तर 'जंगल'ही बघा. आयुर्वेदात जांगल देश म्हणजे कोरडा, उघडा, विरळ झाडीचा प्रदेश, आणि आनूप म्हणजे पाणथळ. हरणांचं मांस जांगल मांसात मोडतं. मनुस्मृतीत काळवीट जिथं स्वभावतः फिरतो तो देश यज्ञाला योग्य म्हटलाय. म्हणजे मूळ अर्थानं सोलापूरचा माळ हेच खरं 'जंगल'. दाट झाडीचा अर्थ नंतर चिकटला.

सातबारा
हे फार महत्त्वाचं आहे. अनुवादिनीताई, हे टिपेत घ्याच.

अनुवादिनी
टीप देता येईल. पण माझा प्रश्न अजून तिथंच आहे. मूळ लेखकाने 'वेस्टलँड' लिहिलंय. मी 'माळ' लिहिलं तर ते त्याचं म्हणणं राहील का?

कानडीसीमा
नाही राहणार. लेखकाचा शब्द दुरुस्त करणं अनुवादकाचं काम नव्हे. तो चुकला असेल तर मराठीतही चुकलेला दिसू दे.

सातबारा
मी दोन ठिकाणं वेगळी करीन. जिथं सरकारी वर्गवारी सांगितलीय तिथं 'पडीक' अवतरणात. जिथं जागेचं, प्राण्यांचं वर्णन आहे तिथं 'माळ'. वाचणाऱ्याला फरक आपोआप कळेल.

शुद्धलेखक
एका इंग्रजी शब्दाला दोन मराठी शब्द, हा पारिभाषिक शिस्तीचा भंग आहे.

वऱ्हाडी_माणूस
आमच्या पूर्व विदर्भातलं 'झुडपी जंगल' विसरू नका. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली नोंदीतला शब्द. झुडपं म्हणून ते वन नाही, आणि जंगल म्हणून ते वन आहे, असा वाद वर्षानुवर्षं चालला. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वनच मानायचं असा निकाल दिला. सुमारे ८६ हजार हेक्टरचा प्रश्न होता. त्या नोंदीत नुसतं 'चराई' लिहिलं असतं तर?

मेंढपाळाचा_नातू
तर चरणाऱ्यांना हक्काने जाता आलं असतं. वन ठरलं की गार्ड अडवतो. तेही सांगा की.

वऱ्हाडी_माणूस
तेही खरं आहे. पण वन ठरलं नसतं तर आज प्लॉट पडले असते. आणखी एक विचारायचं होतं. आमच्याकडे हलक्या, मुरमाड जमिनीला 'बरड' म्हणतात, आणि बरडावर पीक घेतात. तुमचा माळ आणि आमचं बरड एकच का?

माळकरी
बरड आमच्याकडेही म्हणतात. बरड मातीला म्हणायचं, माळ जागेला. माळाची माती बरड असते.

सड्यावरची
आणि 'वरकस'? आमच्या नाचणीच्या उताराला वरकस म्हणतात, ती पडीक धरायची का?