फर्निचर मोजता येत नाही?
इंग्रजी नामांबद्दल नेहमी सांगतात की मोजता येतं ते काउंटेबल, बाकीचं अनकाउंटेबल. शाळेत आम्हीही हेच घोकलं. पण मग फर्निचरचं काय? खुर्च्या मोजता येतात, तरी इंग्रजीत 'फर्निचर्स' चालत नाही. लगेज, ॲडव्हाइस, इन्फर्मेशन यांचंही तेच. म्हणजे फरक वस्तूत नाही, शब्दाच्या वापरात आहे. काही शब्द तर दोन्ही घरचे पाहुणे, आणि उपाशीही नाहीत! 'चिकन' ताटात असेल तर अनकाउंटेबल, अंगणात फिरत असेल तर 'अ चिकन'. 'हेअर' तसंच: डोक्यावरचे सगळे मिळून एकवचनी, आमटीत एखादा सापडला की 'अ हेअर'. मराठीत 'केस गळतात' हे अनेकवचन, म्हणूनच 'माय हेअर्स आर फॉलिंग' तोंडून निसटतं. माझ्या तर अजूनही.