मदत हवी आहे: पोस्ट काढली, खातं बंद केलं, आता आधार आणि चेहऱ्याचा व्हिडिओ मागताहेत

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या पाणीटंचाईबद्दल मी एका मोठ्या समाजमाध्यमावर लिहितो. उन्हाळ्यात टँकरच्या नोंदवहीतलं एक पान टाकलं होतं. दिवसभराच्या सगळ्या फेऱ्या एकाच हस्ताक्षरात, एकाच पेनाने लिहिलेल्या, वेळेचा रकाना कोरा. खाली गावातल्या बायकांनी लिहिलं की त्या दिवशी टँकर एकदाच आला. काही दिवसांत पोस्ट गायब, खातंही बंद. कारण एवढंच, 'नियमांचे उल्लंघन'. कोणता नियम, तक्रार कुणाची, काहीच नाही.

अपील करायला गेलो तर आधी ओळखपत्राचा फोटो, मग मान डावीउजवीकडे वळवून चेहऱ्याचा व्हिडिओ. हे मला अजिबात पटत नाही. माझं लिहिणं खोटं वाटत असेल तर नोंदवही तपासा, माझा चेहरा कशाला हवा? खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 2017 साली एकमताने सांगितलंय. इथे मात्र व्हिडिओ दिल्याशिवाय अर्ज पुढेच सरकत नाही.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केलाय. पोच आली, नंतर काही नाही. त्याच्या निर्णयाविरुद्ध 30 दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. पण निर्णयच दिला नाही तर हे 30 दिवस मोजायचे कधीपासून? कुणी असं अपील केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

पोस्ट सरकारी आदेशाने गेली की कंपनीनेच काढली, हे कळायचा काही मार्ग आहे का? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खाली सरकार मजकूर बंद करायला सांगतं, ते आदेश 2009 च्या नियमांनुसार गोपनीय ठेवतात. माहिती अधिकारात कुणाला उत्तर मिळालंय का?

आणि शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार चालतं का? व्हिडिओ द्यावाच लागला तर नंतर तो पुसायला लावता येतो का? 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात तसा हक्क आहे, पण प्रत्यक्षात कुणाला जमलंय का?

'नवीन खातं काढ' असं कृपया सुचवू नका. बायकांनी लिहिलेलं सगळं त्या पोस्टखालीच होतं, आणि ते मला ग्रामसभेत वाचून दाखवायचंय.