शब्दचर्चा : 'नॅक' म्हणजे नकार की हरकत?

प्रश्न : लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) पॅचवर, म्हणजे कोडमध्ये सुचवलेल्या बदलावर, त्या भागाची जबाबदारी असलेले मेंटेनर 'नॅक' लिहितात. (कॉलेजांना श्रेणी देणारी 'नॅक' नव्हे.) नवशिक्यांसाठीच्या सूचना मराठीत लिहिताना 'नकार' म्हटलं तर चालेल का?

कीबोर्डकर : नको. 'नकार' वाचून पोरं पॅच सोडून देतात. मूळ शब्द संदेशवहनातला. आस्कीत (अक्षरांना आणि खुणांना क्रमांक देणाऱ्या कोष्टकात) ६ क्रमांक ॲकचा, म्हणजे 'पोचलं'चा, २१ नॅकचा. तिथे नॅकचा अर्थ 'निरोप नीट पोचला नाही', म्हणजे सहसा पुन्हा पाठवायचा. कर्नलवाल्यांच्या तोंडी तो 'हा बदल या रूपात मला मान्य नाही' असा झाला. 'या रूपात' महत्त्वाचं. माझ्या मते 'हरकत'. महापालिका 'हरकती व सूचना' मागवते तशी : घेणारा कारण देतो, निर्णय दुसरा करतो.

उंटावरचा : कागदावर ठीक. पण पॅच ज्या ट्रीमधून (कोडच्या प्रतीतून) वर जायचा ती त्याच मेंटेनरच्या ताब्यात असेल, तर त्याने उचलला नाही की संपलं. मग ती हरकत कसली, तो व्हेटोच. लोकांचा राग त्यावरच असतो.

कीबोर्डकर : त्याच्या हद्दीत, हो. हद्दीबाहेर नाही, आणि २०२५च्या सुरुवातीचा रस्टचा (कर्नलमध्ये सी भाषेच्या जोडीला आलेल्या भाषेचा) वाद नेमका यावरच पेटला. डीएमएची (उपकरणांना थेट मेमरी वापरू देणारी) सोय रस्टमधून वापरता यावी म्हणून पॅच आला. कोड रस्टच्या स्वतःच्या डिरेक्टरीत होता, डीएमएच्या नव्हे. तरी डीएमएचे तेव्हाचे मेंटेनर क्रिस्टोफ हेलविग यांनी नॅक दिला; दोन भाषांत कोडबेस सांभाळणं जड जाईल हा त्यांचा मुद्दा. फेब्रुवारीत लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्सनी स्पष्ट केलं, की रस्टचा कोड घ्यायची सक्ती तुमच्यावर नाही, पण तुमचा इंटरफेस कोणी वापरावा हे तुम्ही ठरवू शकत नाही. पुढे ती सोय मेनलाइनमध्ये (लिनस यांच्या मुख्य प्रतीत) गेली.

उंटावरचा : मान्य. पण नुसता 'नॅक' टाकून गप्प बसणाऱ्याला काय म्हणाल?

कीबोर्डकर : नाक मुरडणं! कारण नसलेली हरकत नोंदण्यालायक नाही. शांतपणे कारण विचारावं.

पॅचवाली : अर्थ ठरला असेल तर वापराचं सांगते. आधी मेंटेनर्स फाइल (कर्नलचा कोणता भाग कोणाकडे याची यादी) बघा. 'एम'च्या ओळीतल्या, म्हणजे मेंटेनर म्हणून नोंदलेल्या माणसाचा नॅक आणि वाटसरूचा नॅक यांचं वजन सारखं नसतं. ईमेलमध्ये उत्तर प्रत्येक मुद्द्याच्या खाली द्यायचं, सगळं वर एकगठ्ठा नाही. चर्चा निवळल्यावर 'व्ही२' (पॅचची दुसरी आवृत्ती) पाठवा, त्याच दिवशी नको. काय बदललं ते तीन डॅशांच्या ओळीखाली लिहायचं, म्हणजे ते कमिटमध्ये (कोडच्या कायमच्या नोंदीत) शिरत नाही. पॅच बराच बदलला असेल तर जुने 'रिव्ह्यूड-बाय' (कोड तपासल्याच्या नावानिशी नोंदी) काढून टाका, कारण त्या माणसाने हा कोड पाहिलेलाच नाही. आठवण करायला किमान आठवडा थांबा. मर्ज विंडोच्या (मुख्य प्रतीत नवे बदल घेण्याच्या) दोन आठवड्यांत तर उत्तराची आशाच धरू नका.

सगळ्यात महाग पडणारी चूक : व्ही३ पाठवताना नॅक देणाऱ्याला सीसीमधून गाळणं. लपतं कुठे? पॅच त्याला डावलून पाठवला असं दिसतं, आणि पुढचे पॅचही संशयाने वाचले जातात. उलट कव्हर लेटरमध्येच (पॅचसोबतच्या प्रास्ताविक ईमेलमध्येच) लिहा, 'व्ही२वर अमुक हरकत होती, ती अशी सोडवली' किंवा 'या कारणाने सोडवली नाही'.

अनुस्वार : लिंग? आणि 'निट'चं काय?

पॅचवाली : तो नॅक, 'नॅक दिला', 'नॅक पडला'. 'निट'ला मात्र हरकत म्हणू नका. टॅब-स्पेस, कॉमेंटमधलं स्पेलिंग, ओळीची लांबी असली किरकोळ दुरुस्ती ती. चारपाच निट आले की नवखा माणूस 'आपला पॅच उडवला' समजतो. खरं तर निट काढणाऱ्याने पॅच ओळन् ओळ वाचलेला असतो.

प्रश्नकर्ता : मग 'हरकत (नॅक)' आणि 'किरकोळ दुरुस्ती (निट)' लिहितो. 'ॲक'ला 'संमती'?

कीबोर्डकर : चालेल. फक्त 'रिव्ह्यूड-बाय'ला तोच शब्द देऊ नका. 'ॲक्ड-बाय' म्हणजे पाहिलं, माझी ना नाही. 'रिव्ह्यूड-बाय' म्हणजे तपासलं, आणि तसं नाव लावून सांगतो. तिथे 'तपासलं' हवं.