बीटा चढवला आणि पूल दिसेना: आधी मागे फिरायचं की आधी तपासायचं?

मूकस्पिंडल

घरच्या स्टोरेज सर्व्हरवर बीटा (अजून चाचणीत असलेली आवृत्ती) चढवल्यानंतरची तक्रार ठरलेली असते. वेबपान उघडतं, पण पूल (अनेक डिस्क एकत्र करून बनलेली साठवण) ‘ऑफलाइन’ किंवा ‘डिग्रेडेड’ (एखादी डिस्क कमी पडलेला) दिसतो, शेअर उघडत नाहीत, अ‍ॅप अर्धवट सुरू होऊन लटकतात. मग त्याच बीटात बसून एकेक बटण दाबून पाहणं सुरू होतं. नुकसान बीटामुळे कमी आणि या दाबादाबीमुळे जास्त होतं.

चर्चेसाठी मुद्दा मांडतो. ट्रूनॅससारखी, झेडएफएस या फाइल सिस्टीमवर बसलेली प्रणाली असेल तर पहिलं काम एकच: बूट मेनूतून मागची बूट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रणालीची अपग्रेडआधीची जपलेली प्रत, निवडून परत फिरणं. प्रणाली आणि तिची सेटिंग्ज दोन्ही अपग्रेडच्या क्षणी होती तशी मिळतात. डेटाच्या डिस्कवरचं काही मागेपुढे होत नाही. शिवाय हे निदानही आहे. जुन्यावर सगळं सुरळीत चाललं तर दोष बीटाचा, तिथेही डिस्क गायब असेल तर दोष हार्डवेअरचा. एका रीबूटमध्ये संशयितांची यादी निम्मी.

रीबूटच्या आधी फक्त ‘झेडपूल स्टेटस’ (पूलची अवस्था), ‘डीमेसेज’ आणि ‘जर्नलसीटीएल’ (प्रणालीचे लॉग) या आज्ञांचं आउटपुट, आणि ‘एलएसबीएलके’ची अनुक्रमांकांसकट डिस्कची यादी दुसऱ्या यंत्रावर कॉपी करून ठेवायची. लॉग वाचणं नंतर, निवांत.

उलटतपासणी

असहमत. ‘डेटाच्या डिस्कवर काही मागेपुढे होत नाही’ हेच तर दुखणं आहे. प्रणाली मागे जाते, पूल जात नाही.

बीटा चढला की काही वेळातच सूचना येते: पूलसाठी नवी फीचर उपलब्ध आहेत, अपग्रेड करा. ‘झेडपूल स्टेटस’सुद्धा तेच सुचवतो. ही सूचना दोषाची नसते, पण पिवळा त्रिकोण दिसला की हात शिवशिवतात. ते बटण दाबलेलं असेल तर जुनी आवृत्ती पूल उघडायला नकार देऊ शकते, कारण त्यात तिला न कळणारी फीचर असतात. संदेश नीट न वाचणाऱ्याला वाटतं, डिस्क गेल्या. मग तो एकेक डिस्क काढून लावायला लागतो आणि खरा घोळ तिथून सुरू होतो.

म्हणून मागे फिरण्याआधी ‘झेडपूल गेट ऑल’ चालवून ‘फीचर’ने सुरू होणाऱ्या ओळी पाहा. प्रत्येकीपुढे तीनपैकी एक शब्द असतो: ‘डिसेबल्ड’, ‘एनेबल्ड’ किंवा ‘अ‍ॅक्टिव्ह’. नुसतं ‘एनेबल्ड’ असेल तर जुनी आवृत्ती पूल उघडते. अडतं ते ‘अ‍ॅक्टिव्ह’वर, आणि काही फीचर एनेबल करताच अ‍ॅक्टिव्ह होतात. ब्लॉक क्लोनिंग (कॉपी करताना तेच ब्लॉक पुन्हा वापरणं) यासारखं फीचर शेवटचा क्लोन ब्लॉक मोकळा झाला की पुन्हा ‘एनेबल्ड’वर येतं. रेडझी एक्स्पान्शनचं (रेडझी गटात डिस्क वाढवण्याचं) तसं नाही. एकदा डिस्क जोडून व्हीडेव्ह (पूलमधला डिस्कचा गट) वाढवला की पूल मोडेपर्यंत ते अ‍ॅक्टिव्हच राहतं. त्यानंतर जुन्या आवृत्तीचा रस्ता बंद, रीड-ओन्लीसुद्धा नाही.

दुसरं, तुमचं ‘एका रीबूटमध्ये निदान’. बऱ्याच घरी सर्व्हर महिनोन्महिने चालू असतो आणि अपग्रेड हाच त्याचा पहिला रीबूट असतो. सैल केबल, म्हातारा पॉवर सप्लाय, सुरू होताना अडणारी डिस्क हे सगळं त्या एका क्षणी बाहेर येतं. दुसऱ्या रीबूटला तीच डिस्क योगायोगाने दिसली, तर तुम्ही बीटाला दोष देऊन मोकळे आणि मरायला टेकलेली डिस्क पूलमध्ये तशीच.

तारेवरची_कसरत

उलटतपासणी यांच्या दुसऱ्या मुद्द्याला जोडून. कोणत्या डिस्क गेल्या हे पाहण्याआधी त्या कोणत्या केबलवर आहेत ते पाहा. एका एसएफएफ-८०८७ केबलवर चार डिस्क असतात. चारही एकदम गायब झाल्या तर चार डिस्क मेलेल्या नसतात. केबल, बॅकप्लेन (डिस्क जिथे खोचतात तो बोर्ड) किंवा एचबीए कार्ड (डिस्क यंत्राला जोडणारं) यांपैकी एकाचं काम असतं. एलएसआयची जुनी कार्डं सर्व्हरच्या सोसाट्याच्या हवेसाठी बनवलेली. घरच्या शांत कॅबिनेटमध्ये ती तापतात आणि लोड आला की सगळ्या डिस्क एकत्र सोडून देतात. अपग्रेडनंतर लगेच स्क्रब (पूलमधल्या सगळ्या डेटाची पडताळणी) सुरू झाला असेल तर हा लोड आयताच मिळतो. कार्डाचा फर्मवेअर आयटी मोडचाच (डिस्क थेट प्रणालीला देणारा) आहे ना, तेही बघा. ९२११-८आय कार्डावर २०.००.०७.०० ही आवृत्ती हवी.

‘स्मार्टसीटीएल’ या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या आज्ञेत चार क्रमांकांच्या नोंदी बघायच्या. ५, १९७ आणि १९८ वाढत असतील तर डिस्कचे पृष्ठभाग खराब होताहेत. १९९ वाढत असेल तर डिस्क बहुधा ठीक, केबल किंवा जोड वाईट. मात्र १९९ कधीच शून्यावर येत नाही, त्यामुळे नुसता मोठा आकडा बघून घाबरण्यात अर्थ नाही. आकडा लिहून ठेवा, केबल बदला, दोनशे-तीनशे जीबी वाचन होऊ द्या, मग पुन्हा बघा. जागचा हलला नसेल तर विषय संपला.

आणि कृपया ‘एसडीए’, ‘एसडीबी’ या नावांवर डिस्क ओळखू नका. नव्या कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) क्रम बदलू शकतो. अनुक्रमांक हीच ओळख.

मूकस्पिंडल

फीचरचं बटण दाबलेलं नसेल तर माझा क्रम टिकतो. बीटावर असताना पूल अपग्रेड करायचाच नाही, हे मी गृहीत धरलं होतं. ज्याला खात्री हवी त्याने पूलचा ‘कम्पॅटिबिलिटी’ गुणधर्म आधीच जुन्या आवृत्तीच्या यादीवर बांधून ठेवावा. मग ‘झेडपूल अपग्रेड’ त्या यादीबाहेरचं काही एनेबल करत नाही.

उरलं हार्डवेअर. केबल आणि डिस्क जुन्या आवृत्तीतूनही तपासता येतात. उलट ती ओळखीची जागा आहे. बीटात दिसलेली त्रुटी ड्रायव्हरची की केबलची, हे बीटात बसून कसं ठरवणार?

पोर्ट४४५

दोन्ही बाजू थेट पूलवर उड्या मारताहेत. ‘सर्व्हर गेला’ म्हणणाऱ्यांपैकी अनेकांचा सर्व्हर ठणठणीत असतो, फक्त नेटवर्क पोर्टचं नाव बदललेलं असतं. कर्नल बदलला किंवा एखादं कार्ड वेगळ्या क्रमाने सापडलं की ‘ईएनपी३एस०’चं ‘ईएनपी४एस०’ होतं. स्थिर पत्ता आणि ब्रिज जुन्या नावाला बांधलेले, म्हणून यंत्र चालू असूनही सापडत नाही. मॉनिटर, कीबोर्ड लावा आणि कन्सोलवर पत्ते बघा. पाच मिनिटांचं काम.

पिंग जातो आणि पोर्ट ४४५ (फाइल शेअरचं दार) उत्तर देतं, तरी शेअर उघडत नाही? मग नेटवर्क सोडा. फोल्डर दिसून ‘परवानगी नाही’ येत असेल तर एसीएल (परवानग्यांची यादी) किंवा वापरकर्ता क्रमांकाचा गोंधळ आहे. फोल्डरच दिसत नसेल आणि फक्त जुना टीव्ही किंवा स्कॅनर अडत असेल, तर तो शेअरिंगच्या जुन्या एसएमबी१ पद्धतीवाला असणार. शेअर चालवणाऱ्या सांबाने २०१९ मध्ये ४.११ पासून ती पद्धत डिफॉल्ट बंद केली. हे दोष शोधायला मागे फिरण्याची गरजच नाही.

कंटेनरवासी

अ‍ॅपचा मुद्दा कुणी काढला नाही. अ‍ॅपचा डेटा पूलवर असतो, बूट डिस्कवर नाही. बीटात अ‍ॅपही नव्या आवृत्तीवर गेलं असेल तर त्याने आपला डेटाबेस नव्या स्कीमात (मांडणीत) बदलून टाकलेला असतो. तुम्ही बूट एन्व्हायर्नमेंट मागे नेली तरी डेटाबेस नवाच राहतो आणि जुनं अ‍ॅप त्याला हात लावत नाही. पोस्टग्रेस डेटाबेसच्या दोन मोठ्या आवृत्त्या एकमेकींचा डेटा फोल्डर वापरूच शकत नाहीत. ट्रूनॅसने २४.१० मध्ये अ‍ॅप चालवणारं कुबरनेटिस काढून डॉकर आणलं, तेव्हा तर अ‍ॅपची सगळी मांडणीच बदलली होती.

त्यामुळे आधी रिकर्सिव्ह स्नॅपशॉट (पूलच्या सगळ्या विभागांची, म्हणजे डेटासेटची, त्या क्षणाची गोठवलेली अवस्था) हवाच. पण मागे जाताना सरळ ‘रोलबॅक’ मारू नका. मधले स्नॅपशॉट असतील तर त्याला लहान ‘आर’ लावावा लागतो आणि ते सगळे पुसले जातात. स्नॅपशॉटचा क्लोन करा, अ‍ॅपला क्लोनचा रस्ता द्या, चालतंय असं दिसलं की मग ठरवा.

स्थिरपंथी

एवढी यातायात कशासाठी? घरात एकच सर्व्हर, त्यावर सगळे फोटो, आणि तिथे बीटा? बीटा हा सुट्या डिस्कवर किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवायचा प्रकार आहे. ‘.०’ आवृत्तीसुद्धा पहिले काही आठवडे लांबून बघावी.

उलटतपासणी

आवृत्तीच्या नावात ‘बीटा’ नाही म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी एक आठवण. ओपनझेडएफएस २.२.० ऑक्टोबर २०२३ मध्ये अंतिम म्हणून आली. नोव्हेंबरमध्ये लक्षात आलं की काही फाइल कॉपी होताना मधले तुकडे शून्यांनी भरले जातात. आधी ब्लॉक क्लोनिंगवर संशय गेला आणि २.२.१ मध्ये ते बंद केलं. मूळ दोष मात्र त्याहून जुना निघाला. फाइलमधली पोकळी शोधणाऱ्या भागाला नुकतंच लिहिलेलं, डिस्कवर अजून न गेलेलं काही वेळा दिसत नव्हतं. त्या महिन्याच्या अखेरीस २.२.२ आली आणि जुन्या शाखेसाठी २.१.१४ सुद्धा. म्हणजे ‘जुनी आणि स्थिर’ शाखाही त्यातून सुटलेली नव्हती.

आणि स्क्रबला हे दिसत नाही, कारण शून्यं लिहिली तेव्हा त्यांचाच चेकसम (पडताळणीचा आकडा) बरोबर नोंदवला गेला. असली खराबी फक्त बाहेर जपून ठेवलेल्या हॅश (फाइलच्या ठशांच्या) यादीशी ताडूनच सापडते. बूट एन्व्हायर्नमेंट कितीही मागे न्या, त्या फाइल सुधारत नाहीत.

मूकस्पिंडल

तो दोष कुठल्याच क्रमाने सुटणारा नव्हता, माझ्याही नाही आणि तुमच्याही. आपला प्रश्न पूल दिसत नसताना काय करायचं हा आहे.

उलटतपासणी

मग त्यावरच बोलू. पूल दिसत नसेल तर बीटात असतानाच, काहीही न लिहिता एवढं करता येतं:

नाव न देता ‘झेडपूल इंपोर्ट’ (पूल प्रणालीला जोडण्याची आज्ञा). याने काही इंपोर्ट होत नाही, फक्त कोणते पूल आणि कोणत्या डिस्क सापडल्या त्याची यादी मिळते. सगळ्या डिस्क ‘ऑनलाइन’ असतील तर ‘रीडओन्ली=ऑन’, मोठा ‘एन’ आणि मोठ्या ‘आर’ला वेगळा माउंट रस्ता देऊन इंपोर्ट करा. मोठ्या ‘एन’मुळे डेटासेट माउंट होत नाहीत. पूल दुसऱ्या यंत्राने वापरल्याची तक्रार आली तर होस्ट आयडी (यंत्राची ओळख) बदललेला असतो. डिस्क दुसरीकडे कुठेही जोडलेल्या नाहीत याची खात्री असेल तरच लहान ‘एफ’ लावा.

मोठा ‘एफ’ हे वेगळं हत्यार आहे. तो शेवटचे काही ट्रान्झॅक्शन (लेखनाचे गट) फेकून पूल मागे नेतो. आधी त्याला लहान ‘एन’ जोडून नुसतं विचारा, जमेल का. आणि इथेच घाईचा रीबूट अंगाशी येतो. डिस्कच्या लेबलमधलं उबरब्लॉकचं (पूलच्या अलीकडच्या अवस्थांच्या नोंदींचं) कडं १२८ केबीचं असतं. ‘अ‍ॅशिफ्ट’ १२ (४ केबीचे सेक्टर) असेल तर त्यात ३२ जागा. साधारण पाच सेकंदांना एक ट्रान्झॅक्शन ग्रुप धरला, तर सतत लेखन चालू असताना तुमच्याकडे १६० सेकंदांचा इतिहास उरतो. तोही कागदोपत्री, कारण मोकळे केलेले ब्लॉक याच्या कितीतरी आधी पुन्हा वापरात येऊ शकतात. जुन्या आवृत्तीत बूट केलं, तिने पूल अर्धवट का होईना नेहमीच्या पद्धतीने उघडला आणि अ‍ॅपने लिहायला सुरुवात केली, की हे कडं फिरायला लागतं.

तारेवरची_कसरत

यावर उपाय सोपा आहे: मागे फिरायचंच असेल तर डेटाच्या डिस्कच्या केबल काढून बूट करा. प्रणाली चालते का ते कळेल, पूलला कोणी हात लावणार नाही. मग पूर्ण बंद करून केबल जोडा. चालू यंत्रात नको.

मूकस्पिंडल

हे चालेल. पण मग मागे फिरण्याला आक्षेप राहिला कुठे? पूल सोडून फिरा, एवढंच.

चेकपॉइंट

अपग्रेडच्या आधी ‘झेडपूल चेकपॉइंट’ घेतला असता तर अर्धा धागा वाचला असता. स्नॅपशॉट डेटासेटचा असतो, चेकपॉइंट अख्ख्या पूलचा. फीचरचं बटण दाबलं गेलं तरी ते सुद्धा उलटवता येतं. पूल एक्सपोर्ट करून ‘रिवाइंड टू चेकपॉइंट’ने इंपोर्ट करायचा. त्याच आज्ञेला ‘रीडओन्ली=ऑन’ जोडलं तर काही न बदलता जुनी अवस्था नुसती डोकावून बघता येते. आधी तेच करा.

पथ्यं आहेत. चेकपॉइंट असेपर्यंत डिस्क अटॅच, डिटॅच, रिमूव्ह होत नाही, म्हणजे पूल डिग्रेडेड असताना मिरर जोडायला गेलात तर अडाल. पुसलेल्या फाइलची जागा मोकळी होत नाही, त्यामुळे भरलेल्या पूलवर तो फार दिवस ठेवता येत नाही. मागे गेलात तर नंतर टाकलेलं सगळं जातं, फोटोंसकट. समाधान झालं की ‘डी’ लावून तो काढून टाकायचा.

स्थिरपंथी

एन्क्रिप्टेड पूलचं काय? मागे फिरल्यावर किल्ली मागितली तर?

कंटेनरवासी

मागच्या बूट एन्व्हायर्नमेंटमध्ये तिच्या वेळचा कॉन्फिग डेटाबेस असतो, त्यामुळे अपग्रेडच्या आधी बनलेल्या डेटासेटच्या किल्ल्या तिथे मिळतात. बीटात असताना नवा एन्क्रिप्टेड डेटासेट बनवला असेल तर त्याची किल्ली जुन्या डेटाबेसमध्ये नसते. ती बीटातूनच एक्सपोर्ट करून घ्या, मागे फिरण्याआधी. आणि नव्याने इन्स्टॉल करण्याची वेळ आली तर कॉन्फिगची जी फाइल उतरवून ठेवली आहे ती ‘पासवर्ड सीक्रेट सीड’सकट उतरवलेली हवी. तो चौकोन रिकामा ठेवून घेतलेल्या फाइलमधल्या किल्ल्या नव्या इन्स्टॉलवर उलगडत नाहीत.